आख्यानानंतर फिरणारे ताट

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणारी एखादी संस्था दिवाळीआधी मदतीचे पत्र लिहायला बसते, तेव्हा तिच्यापुढे दोन मसुदे असतात. पहिल्या मसुद्यात तक्ता असतो. दरवर्षी तालुक्यातून किती कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, त्यांच्यासोबत किती मुलांची शाळा सुटते, पाच-सहा महिन्यांनी गावी परतल्यावर त्यांतली किती पुन्हा वर्गात बसतात, हे सारे त्यात असते. दुसऱ्या मसुद्यात दुसरीतली एक मुलगी असते. आईवडिलांनी मुकादमाकडून उचल घेतलेली आहे, ट्रॅक्टर पहाटे निघणार आहे आणि ती पाठीवरचे दप्तर उतरवायला तयार नाही. कार्यकर्त्यांचा ओढा बहुधा पहिल्या मसुद्याकडे असतो. प्रश्नाचा आवाका त्यातच दिसतो, आणि एका मुलीची गोष्ट सांगणे म्हणजे दुःखाचे भांडवल करणे, असे त्यांना वाटते. वाचणाऱ्याचा हात मात्र दुसऱ्या मसुद्याने खिशाकडे जाण्याची शक्यता अधिक. असे का होते, याचा शोध अर्थशास्त्रज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ अर्धशतकाहून अधिक काळ घेत आहेत, आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मेंदूच्या अभ्यासकांनीही त्यात भर घातली आहे.

हा प्रश्न नेमका मांडला तो अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी. त्यांना पुढे २००५ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, पण हा निबंध १९६८ सालचा आहे. त्यांचे निरीक्षण साधे होते. सहा वर्षांच्या एका मुलीला शस्त्रक्रियेसाठी पैसे हवेत असे छापून आले, की टपाल कचेरीत मदतीचा पूर येतो. कर वाढवला नाही तर रुग्णालयांची दुरवस्था होईल आणि टाळता येण्याजोगे मृत्यू थोडे वाढतील असे छापून आले, तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. दोन्हीकडे प्रश्न माणसांच्या जिवाचाच आहे. एकीकडचा जीव ओळखीचा झालेला आहे, दुसरीकडचा हिशोबातला आहे, एवढाच काय तो फरक.

या निरीक्षणाची सर्वाधिक गाजलेली चाचणी डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी केली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. एका सर्वेक्षणाबद्दल सहभागींना ५ डॉलर दिले गेले आणि त्यांतले हवे तेवढे ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेला देण्याची मुभा होती. काहींना मालीतील रोकिया या सात वर्षांच्या, भुकेने ग्रासलेल्या मुलीची माहिती आणि छायाचित्र दिले. काहींना मलावी, झांबिया, अंगोला, इथिओपिया इथल्या अन्नटंचाईचे आकडे दिले, लाखोंच्या घरातले. रोकियासाठी सरासरी २.३८ डॉलर आले, आकड्यांसाठी १.१४. खरा धक्का तिसऱ्या गटाने दिला. त्या गटाला रोकियाची माहिती आणि आकडे दोन्ही दिले होते. भावना आणि पुरावा एकत्र आले की मदत सर्वांत जास्त मिळेल, असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात १.४३ डॉलर मिळाले. आकड्यांनी रोकियाला बळ दिले नाही, तिला झाकून टाकले.

त्याच संशोधनात आणखी एक प्रयोग होता. आवाहन वाचण्याआधी काहींना छोटी गणिते सोडवायला लावली, तर काहींना एखादा शब्द ऐकल्यावर मनात काय येते ते लिहायला सांगितले. गणिते करून आलेल्यांनी रोकियाला जवळपास निम्मीच मदत केली. म्हणजे आकडे केवळ निरुपयोगी ठरत नाहीत. ते मनाला मोजणीच्या कामाला लावतात, आणि मोजणाऱ्या मनाला कळवळा येणे अवघड जाते. ज्या संस्थांचे माहितीपत्रक पहिल्याच पानावर स्तंभालेख छापते, त्यांनी हा प्रयोग विशेष लक्षात घ्यावा.

मदतीची ऊर्मी आटायला लाखांचा आकडा तरी कुठे लागतो? इस्रायलमधील तेहिला कोगुट आणि इलाना रितोव यांनी आजारी मुलांच्या उपचारासाठी तीच रक्कम कधी एका मुलाच्या, तर कधी आठ मुलांच्या नावे मागून पाहिली. नाव-चित्रासह एकट्या मुलाने जितके मन हलवले, तितके आठांच्या गटाने हलवले नाही. स्वीडनमधील डॅनियल वेस्टफ्याल आणि सहकाऱ्यांना तर ही ओहोटी एकावरून दोन मुलांवर जातानाच सुरू झालेली दिसली. याच गटाने आणखी एक, संस्थांच्या दृष्टीने फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. ज्याला मदत करणे शक्य आहे त्या मुलाशेजारी, ज्यांच्यापर्यंत मदत पोहोचणार नाही अशी मुले दिसली, की मदतीतून मिळणारे समाधानच कमी होते. आपला घास समुद्रात पडतो आहे, असे वाटू लागते. ‘अजून लाखो मुले वंचित आहेत’ हे वाक्य संस्था तळमळीने लिहिते. वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘माझ्या पाचशे रुपयांनी काय होणार’ असा होऊन बसतो.

मेंदूत त्या वेळी काय घडते, हे पाहण्याचा प्रयत्न २००० नंतरच्या दशकात सुरू झाला. देणारा माणूस स्वतःही काही मिळवत असतो, असे अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँड्रिओनी यांनी १९९०च्या सुमारास मांडले होते. दिल्यानंतर आत जाणवणारी ऊब, हाच त्याचा मोबदला. ओरेगन विद्यापीठात विल्यम हारबॉ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ही ऊब यंत्रात पकडण्याचा प्रयत्न केला. १९ स्त्रियांना प्रत्येकी १०० डॉलर दिले. त्या एमआरआय यंत्रात असताना कधी त्यांतली रक्कम कराप्रमाणे आपोआप गरजूंसाठीच्या धान्यपेढीला जाई, तर कधी द्यायची की नाही हे त्यांनी ठरवायचे असे. चविष्ट खाणे किंवा पैसे मिळाल्यावर मेंदूचे जे भाग जागे होतात, ते धान्यपेढीला पैसे जातानाही जागे झाले. स्वेच्छेने दिले तेव्हा अधिकच. जॉर्ज मोल आणि सहकाऱ्यांनी त्याआधी एक वर्ष असेच काही पाहिले होते. देणगी म्हणजे मन मारून केलेला त्याग, ही समजूत यातून ढिली पडते. माणसाला द्यायला आवडते. त्याला देण्यायोग्य काही समोर दिसावे लागते.

ते ‘समोर दिसणे’ स्टॅनफर्ड विद्यापीठातील अलेक्झांडर जेनेव्स्की, ब्रायन नटसन आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली तपासले. अनाथ मुलांसाठी मदत मागताना कधी मुलाचे छायाचित्र दाखवले, तर कधी नुसती काळी आकृती. छायाचित्र दिसले तेव्हा देणगी वाढली, आणि ती वाढ ‘न्यूक्लियस अक्युम्बन्स’ या मेंदूच्या खोल भागातील हालचालीशी जुळत होती. हा भाग काही चांगले मिळण्याच्या अपेक्षेशी जोडलेला आहे. चेहरा दिसल्यावर उमटते ते केवळ दुःख नसते, जवळ जाण्याची ओढही असते.

गोष्टीचे काम याहून वेगळे आणि अधिक लांब पल्ल्याचे आहे. छायाचित्र क्षणात लक्ष वेधते, गोष्ट ते धरून ठेवते. प्रिन्स्टन विद्यापीठातील उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एका स्त्रीने सांगितलेला अनुभव ध्वनिमुद्रित केला. सांगताना तिच्या मेंदूच्या नोंदी घेतल्या आणि नंतर ऐकणाऱ्यांच्याही घेतल्या. ऐकणाऱ्यांच्या मेंदूतील हालचाल, काही क्षण मागे राहून, सांगणारीच्या मेंदूतील हालचालीसारखी वळत गेली. काही भागांत तर ती आधीच पोहोचली होती, म्हणजे पुढे काय होणार याचा अंदाज ऐकणारे बांधत होते. जितका अंदाज जास्त, तितके आकलनही जास्त. श्रोत्यांना न समजणाऱ्या रशियन भाषेत गोष्ट ऐकवली तेव्हा हा मेळ नाहीसा झाला. ‘सर्वसमावेशक क्षमताबांधणी’ किंवा ‘लाभार्थीकेंद्री हस्तक्षेप’ असे शब्द संस्थांच्या अहवालात येतात, तेव्हा सामान्य देणगीदारासाठी ती रशियनच असते.

गोष्ट आणि देणगी यांचा थेट संबंध जोडणारे सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे कॅलिफोर्नियातील पॉल झॅक. मेंदूच्या कर्करोगाने मरणाच्या वाटेवर असलेल्या बेन नावाच्या लहान मुलाविषयी त्याचे वडील बोलत आहेत, अशी छोटी चित्रफीत त्यांनी लोकांना दाखवली. मुलगा मजेत खेळतो आहे, त्याला काही ठाऊक नाही. वडिलांना सारे ठाऊक आहे. दुसऱ्या गटाला तेच बापलेक प्राणिसंग्रहालयात फिरताना दाखवले, आजाराचा उल्लेख नसलेले. पहिली फीत पाहणाऱ्यांच्या रक्तात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढले, आणि ज्यांना अधिक कळवळा वाटला ते पैशाच्या बाबतीत अधिक उदार ठरले. ऑक्सिटोसिन बाळंतपणात आणि आईच्या दुधाशी संबंधित म्हणून ओळखले जाते, त्यामुळे ‘मायेचे रसायन’ अशी त्याची ख्याती झाली आणि निधिसंकलनाच्या कार्यशाळांमधून हे निष्कर्ष सूत्रासारखे सांगितले जाऊ लागले.

इथे हात थोडा आखडता घ्यावा लागतो. रक्तातील ऑक्सिटोसिनवरून मेंदूत काय चालले आहे हे ठरवणे वादग्रस्त आहे. नाकात ऑक्सिटोसिन फवारल्याने माणूस अधिक विश्वास टाकतो, हा २००५ सालचा गाजलेला निष्कर्ष २०२० साली नीट आखून पुन्हा तपासला, तेव्हा हाती लागला नाही. मेंदूच्या प्रतिमांचे बरेच प्रयोग वीस-पंचवीस माणसांवर झालेले असतात. तेव्हा ‘अमुक शब्द वापरा, तमुक रसायन स्रवेल, देणगी येईल’ असे सांगणाऱ्यापासून संस्थांनी लांब राहिलेले बरे. मेंदूविज्ञानाने दिलेली भक्कम गोष्ट याहून साधी आहे: आधी भावना हलते आणि मग निर्णय होतो, भावना व्यक्तीमुळे हलते, गोष्ट लक्ष टिकवून ठेवते.

महाराष्ट्राला ही रचना नवी नाही. नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात अभंग घेऊन तत्त्वाचे निरूपण होते. उत्तररंगात आख्यान लागते आणि तेच तत्त्व कुणा एका भक्ताच्या, राजाच्या, सतीच्या आयुष्यात उतरते. पूर्वरंगात पेंगणारी मुलेही उत्तररंगाला सावरून बसतात. आरतीचे ताट फिरते ते आख्यान संपल्यावर. पूर्वरंगाच्या मध्येच ते कुणी फिरवत नाही. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) तर कीर्तनाचा साचाच बदलला. श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे, आणि कर्ज काढून केलेल्या सणाची, नवसाच्या बोकडाची गोष्ट त्यांच्या घरातली वाटेल अशी सांगायची, ही त्यांची रीत होती. ऐकणारा पुढचा अंदाज बांधतो तेव्हा त्याचे आकलन वाढते, हे प्रिन्स्टनमध्ये यंत्रावर दिसण्याच्या कितीतरी आधी त्यांच्या कीर्तनात रोज घडत होते. लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. महाराज स्वतः अंगावर चिंध्या आणि हातात खराटा याच वेशात राहिले. दिलेला पैसा कुठे जातो हे सांगायला त्यांना वेगळ्या ताळेबंदाची गरज पडली नाही.

संस्थेची गोष्ट लिहिताना नेमके काय करायचे, हे त्या दुसऱ्या मसुद्यावरून पाहता येते. पहिली चूक बहुधा अशी होते, की गोष्टीची नायिका संस्थाच होऊन बसते: स्थापना कधी झाली, पुरस्कार कोणते मिळाले, उद्घाटनाला कोण आले. दप्तर न उतरवणारी मुलगी सातव्या परिच्छेदात येते, तीही ‘एक लाभार्थी’ म्हणून. गोष्ट तिच्यापासून सुरू व्हायला हवी. तिला काय हवे आहे (तिसरीत जायचे आहे), आड काय येते (घरी ठेवून घ्यायला आजी उरलेली नाही, आणि फडावरच्या कोपीत दिवसभर धाकट्या भावाला सांभाळायचे आहे), निर्णयाचा क्षण कोणता (पहाटेचा ट्रॅक्टर), एवढे आले की वाचणारा गोष्टीत शिरतो. ‘भीषण दारिद्र्य’ या शब्दांनी काही दिसत नाही. उसाच्या पाचटाची कोपी, तिच्या तोंडाशी ठेवलेली पाण्याची कॅन आणि चुलीच्या धुरात उघडलेली पाटी दिसते. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी २००० साली दाखवले, की वाचक गोष्टीत जितका हरवतो, तितकी त्याची मते गोष्टीच्या बाजूला झुकतात आणि तो तिच्यात खोट काढायला कमी थांबतो. यात ताकद आहे तशीच जोखीमही आहे, कारण खोटी गोष्टही याच दाराने आत येते.

मग वाचणाऱ्याला जागा द्यावी लागते. मुलगी संकटात आहे आणि संस्थेने तिला वाचवले, इथे गोष्ट पुरी झाली तर वाचणारा नुसता प्रेक्षक उरतो. गोष्ट अजून अडलेली असावी आणि पुढचे पाऊल त्याच्या आवाक्यातले असावे. एका मुलीचे एका महिन्याचे जेवण, एक सतरंजी, गृहपाठ घेणाऱ्या ताईंचे मानधन, असे काहीतरी ठोस. सिंथिया क्रायडर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत, पैसे नेमके कशाला लागणार हे सांगितल्यावर देणगी वाढली, कारण आपल्या देण्याने काही घडेल असा भरवसा वाटला. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी चालवलेल्या पैसा फंडाची कल्पना याच भरवशावर उभी होती. मागणे फक्त एक पैशाचे होते, कुणालाही परवडणारे. आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, जो पैसा देणाऱ्याला जाऊन पाहता येत होता.

भारतातील देणगीदारही असेच वागतात का, याचे उत्तर हेल्पएज इंडिया या वृद्धांसाठी काम करणाऱ्या संस्थेबरोबर झालेल्या मोठ्या प्रयोगातून मिळते. के. सुधीर, सुब्रतो रॉय आणि मॅथ्यू चेरियन यांनी तो २०१६ साली प्रसिद्ध केला. पूर्वी कधीही देणगी न दिलेल्या सुमारे १ लाख ८५ हजार लोकांना पत्रे गेली. मजकूर वेगवेगळा होता. ओळख असलेल्या एका वृद्धेच्या पत्राला सर्वसाधारण माहितीच्या पत्रापेक्षा अधिक देणगीदार आणि अधिक रक्कम मिळाली. पूर्वी बरे दिवस पाहिलेल्या आणि आता हलाखीत आलेल्या व्यक्तीविषयी लोक अधिक हळवे झाले, ‘आपल्यातली’ वाटणाऱ्या व्यक्तीविषयीही. आणखी एक व्यवहारी निष्कर्ष निघाला: मदतीची रक्कम ‘दिवसाला इतकी’ अशी फोडून मागण्यापेक्षा ‘महिन्याला इतकी’ अशी मागितली तेव्हा प्रतिसाद चांगला आला. जे आधीच देणगीदार होते, त्यांच्यावर गोष्टीचा परिणाम टक्केवारीत कमी पडला. कदाचित त्यांचे मन आधीच वळलेले होते.

या शेवटच्या मुद्द्याकडे सहसा दुर्लक्ष होते. नवा माणूस आणि जुना हितचिंतक यांना एकच पत्र पाठवणे हे बहुतेक संस्थांच्या सवयीचे झाले आहे. डीन कार्लन आणि डॅनियल वुड यांनी अमेरिकेत ‘फ्रीडम फ्रॉम हंगर’ या संस्थेच्या जुन्या देणगीदारांना पत्रे पाठवून पाहिली. काही पत्रांत एका स्त्रीची गोष्ट होती. काहींत गोष्टीचा थोडा भाग काढून, संस्थेच्या कामाचा परिणाम शास्त्रीय कसोटीवर तपासला गेल्याची माहिती घातली होती. सगळ्यांचा मिळून फरक पडला नाही. पण पूर्वी मोठी रक्कम दिलेल्यांनी पुरावा वाचून अधिक दिले आणि लहान रक्कम देणाऱ्यांनी कमी दिले. म्हणजे आकड्यांना जागा आहे. मात्र ती कुणासाठी आणि कितव्या पानावर, हे ठरवावे लागते.

आकडा सांगण्याचीही एक रीत असते. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेत काम करणाऱ्या डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील बालमृत्यूंची गावोगाव मोजणी करून २००१ साली अहवाल मांडला. त्यात सरकारी नोंदींना आव्हान देणारी संख्या होती, पण त्याचे नाव होते ‘कोवळी पानगळ’. दोन शब्दांत मोजणी डोळ्यांपुढे उभी राहिली. पान गळायचे ते पिकून, कोवळे गळते तेव्हा काहीतरी बिनसलेले असते, हे सांगायला वेगळ्या वाक्याची गरज उरली नाही. त्या नावामागे घरपोच नवजात बालसेवेचे कडक संशोधन होते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते आणि त्यात नवजात मृत्युदर ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे दिसले होते. गोष्ट आणि पुरावा एकमेकांना मारतातच असे नाही. तक्ता आधी पुढे केला तर मारतात.

मागणी कशी करावी याचे आणखी काही प्रयोग थोडक्यात सांगण्याजोगे आहेत. देणगी जितकी मिळेल तितकीच भर एखादा मोठा दाता घालणार आहे, असे सांगितल्यावर प्रतिसाद वाढतो. पण ही भर दुप्पट-तिप्पट करून आणखी फायदा होत नाही, असे डीन कार्लन आणि जॉन लिस्ट यांना ५० हजार पत्रांच्या प्रयोगात आढळले. उद्दिष्ट पुरे व्हायला थोडेच बाकी आहे असे दिसले की देणारे वाढतात. यूरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली ४० हजार जणांना पत्रे पाठवली. संस्थेचा कार्यालयीन खर्च दुसऱ्या दात्याने आधीच उचलला आहे, तुमचा सगळा पैसा थेट कामाला जाईल, असे ज्या १० हजारांना सांगितले त्यांच्याकडून २३ हजार डॉलरवर रक्कम आली. साध्या आवाहनाला ८ हजार. कार्यकर्त्याचे मानधन आणि वीजबिल हाही कामाचाच भाग असतो, हे देणगीदाराला समजावणे दीर्घकाळात अधिक प्रामाणिक आहे. पण लोकांच्या मनातली ही अढी खरी आहे, हे मान्य करावे लागते.

गोष्टीचा परिणाम किती मोठा, याविषयीही भान ठेवावे लागते. ‘ओळखीच्या जिवा’वरील प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१६ साली घेतला गेला तेव्हा सरासरी परिणाम लहान निघाला. डेन्मार्कमध्ये प्रत्यक्ष टपालाने झालेल्या प्रयोगात तो दिसलाच नाही. रोकियाच्या प्रयोगाची सुमारे हजार जणांवर केलेली पुनरावृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली, तीतही मूळ निष्कर्ष मिळाला नाही. संशोधनात असे होत असते. काळ, समाज, सततच्या आवाहनांनी आलेला थकवा, सगळ्याचा परिणाम होतो. गोष्ट सांगणे तेवढ्याने चुकीचे ठरत नाही. तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा मात्र ठेवू नये.

चमत्कार झालाच तर तो किती टिकतो, हे २०१५ साली साऱ्या जगाने पाहिले. २ सप्टेंबरला आलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन निर्वासिताचा मृतदेह तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर वाहून आला आणि त्याचे छायाचित्र सर्वत्र छापले गेले. सीरियातील लाखो बळींच्या आकड्यांनी जे वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते एका छायाचित्राने झाले. पॉल स्लोविक आणि सहकाऱ्यांनी स्वीडिश रेडक्रॉसच्या नोंदी तपासल्या. निर्वासितांसाठीच्या निधीला रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या त्या आठवड्यात शंभर पटींहून अधिक झाली. पुढच्याच आठवड्यात ती उतरू लागली आणि सुमारे सहा आठवड्यांत पूर्वपदावर आली. त्या लाटेत दरमहा देणगी देण्याची नोंदणी करणारेही दहापट झाले होते. त्यांतले फार थोडे गळाले. भावनेची भरती ओसरते, पण भरती असताना माणसाला सोपे, नियमित असे काही करायला दिले तर तो नंतरही राहतो. संस्थेजवळ त्या दिवशी मासिक देणगीचा अर्ज तयार नसेल, तर संधी गेली.

भरतीनंतर माणूस टिकतो तो गोष्ट पुढे सरकत राहिली तर. देणगीदाराला आयकर सवलतीची पावती मिळते आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा मागणी येते. मधल्या अकरा महिन्यांत मुलीचे काय झाले, हे त्याला कळत नाही. हा अनेक संस्थांचा अनुभव आहे आणि हीच सर्वांत सहज दुरुस्त होणारी चूक आहे. एप्रिलमध्ये आईवडील परतले, मुलीने वार्षिक परीक्षा दिली, पाढे अजून अडतात, इतके दोन ओळींत कळवले तरी दिलेल्या पैशाची ऊब पुन्हा जाणवते. अपयशही कळवावे. दोन मुले मध्येच वसतिगृहातून फडावर गेली, कारण घरी आई आजारी पडली, हे सांगणाऱ्या संस्थेच्या यशावरही विश्वास बसतो.

आता त्या कार्यकर्त्याच्या संकोचाकडे. दुःखाचे भांडवल होते ही भीती निराधार नाही. १९८४-८५च्या इथिओपियातील दुष्काळात हाडांचा सापळा झालेल्या मुलांची चित्रे जगभर फिरली. मदत प्रचंड आली, पण एका खंडाची ओळख हात पसरलेल्या मुलाएवढीच करून ठेवल्याची टीका तेव्हापासून थांबलेली नाही. नॉर्वेतील विद्यार्थ्यांच्या संघटनेने २०१२ साली एक विडंबन चित्रफीत काढली. तीत आफ्रिकेतील लोक थंडीने गारठलेल्या नॉर्वेसाठी खोली तापवणारी यंत्रे गोळा करतात. आपले चित्र असे रंगवले तर कसे वाटेल, हा प्रश्न त्या फितीने थेट विचारला. शास्त्राची साक्षही सरळ नाही. काही प्रयोगांत उदास चेहऱ्याने मदत वाढली, तर लहान कर्ज देणाऱ्या ‘किवा’ या व्यासपीठावर मनाला उभारी देणाऱ्या छायाचित्रांच्या मागण्या लवकर पुऱ्या झाल्या. चेहरा हवा, पण तो केविलवाणाच हवा असे नाही.

एका चेहऱ्याच्या गोष्टीत अन्यायही दडलेला असतो. डॅनियल बॅटसन यांच्या १९९५ सालच्या प्रयोगात, एका आजारी मुलीच्या भावना मनात आणायला सांगितल्यावर बहुसंख्य सहभागींनी तिला प्रतीक्षायादीत वर ढकलले. तिच्याहून अधिक गरजू मुले मागे राहणार हे ठाऊक असूनही. मनोरुग्ण पुरुष, व्यसनी, तुरुंगातून सुटलेले, म्हातारे भटके यांचे छायाचित्र कुणाला लळा लावत नाही. म्हणून गोष्टीने आणलेला पैसा कुठे खर्च व्हावा, हे मात्र गोष्टीने ठरवू नये. तिथे मोजणीच हवी.

गोष्ट कुणाची, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे. सिंधुताई सपकाळ (१९४८–२०२२) स्वतःचे आयुष्य सभांमधून सांगत: गरोदरपणी घराबाहेर काढले जाणे, गोठ्यातले बाळंतपण, स्मशानातले दिवस. मग त्या आपण सांभाळलेल्या अनाथ लेकरांसाठी पदर पसरत. त्या सांगण्यात कुठेही लाचारी नव्हती, कारण गोष्ट त्यांची होती. कुठे थांबायचे, काय गाळायचे, कुठे श्रोत्यांना हसवायचे हे त्याच ठरवत. वसतिगृहातली मुलगी हे ठरवू शकत नाही. तिच्या पालकांची संमती हवी, आणि ती पत्र छापण्याआधी त्यांच्या बोलीत मजकूर वाचून दाखवून घ्यायला हवी. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने मनाई केली आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या बालकांबाबत पॉक्सो कायद्यातही तशीच मनाई आहे. अशा वेळी नाव बदलावे, चेहऱ्याऐवजी पाठमोरे चित्र, हस्ताक्षर किंवा चप्पल-दप्तराचे छायाचित्र वापरावे, आणि नाव बदलल्याचे मजकुरातच सांगावे. चार मुलांचे अनुभव जोडून एक मुलगी रचली असेल तर तेही सांगावे लागते.

दोन मसुद्यांपैकी कोणता चालतो, हे छोट्या संस्थेलाही स्वतः तपासता येते. देणगीदारांच्या यादीतील नावे चिठ्ठ्या टाकून दोन भागांत वाटायची, एका भागाला एक पत्र, दुसऱ्याला दुसरे. पावती पुस्तके दोन वेगळ्या रंगांची ठेवायची. किती जणांनी दिले, किती दिले, आणि पुढच्या वर्षी त्यांतले किती परत आले, एवढ्या तीन नोंदी ठेवायच्या. यादी दोन-चारशे नावांची असेल तर एका वर्षाच्या फरकावर भिस्त ठेवता येत नाही. दोन-तीन हंगाम तोच प्रयोग करावा लागतो.